पंखा फिरेल का?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे आणि खरं सांगायचं तर रागावून बसले आहे. राग आला की लगेच लिहू नये, एक रात्र मध्ये जाऊ द्यावी, असं मी वर्गात मुलांना सांगत असे. मी एक सोडून बावीस रात्री जाऊ दिल्या. राग काही गेला नाही. तेव्हा आता लिहितेच.

झालं असं. गेल्या महिन्यात आमच्याकडे एक लग्न झालं. माझ्या धाकट्या बहिणीची नात त्यासाठी चार दिवस सुट्टी काढून आली होती. ही मुलगी गेली तीन वर्षं एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करते आहे. विषय काय, तर तापमान बदललं की वीज निर्माण करणारे स्फटिक घडवणं. जमिनीतून निघणारे खडे नव्हेत. प्रयोगशाळेत रेणू जुळवून, द्रावणातून हळूहळू वाढवलेले. जेवणाच्या पंगतीत हा विषय निघाला. एका काकांनी (नाव घेत नाही, वाचतील तेव्हा त्यांना कळेलच) जिलेबी मोडता मोडता विचारलं, "काय गं, मग तुझ्या त्या खड्यावर आमचा पंखा फिरेल का?"

सगळे हसले. हसायला माझी हरकत नाही, लग्नात हसायचं नाही तर कुठे? हरकत आहे ती पुढे जे झालं त्याला. पोरगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "हो काका, अजून थोडी वर्षं लागतील, पण फिरेल."

रात्री ती माझ्याच शेजारी झोपली होती. मी विचारलं, "खरंच फिरेल का गं?"

"नाही गं मावशीआजी. पण तसं सांगितलं की विषय संपतो."

या एका वाक्यावरून हा सगळा लेख आहे, मंडळी. लहानपणी फुलदाणी फोडली तर स्वतःहून येऊन सांगणारी ही मुलगी. तिला आपण सगळ्यांनी मिळून, जेवता जेवता, हसत हसत खोटं बोलायला लावलं. आणि हे फक्त आमच्या घरात घडतं असं मला वाटत नाही. ज्यांची मुलं-नातवंडं अशा कामात आहेत त्यांनी आपापल्या घरात डोकावून पाहावं.

आधी माझी पात्रता सांगून टाकते. मी बी. ए. झालेली, तीसुद्धा मराठी माध्यमातून. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. विज्ञानाला शिक्षक मिळेना म्हणून आठवीचं विज्ञानही अकरा वर्षं माझ्या गळ्यात पडलं. त्यामुळे पुढे जे विज्ञान लिहिते आहे ते नातीकडून समजून घेतलेलं आहे, आणि आकडे तिने तपासून दिले आहेत. राग मात्र सगळा माझा. तिला यात ओढू नका.

लग्नानंतर दोनच दिवसांत कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक निरोप फिरत आला. घराच्या भिंती उन्हाने तापणार आणि फुकट वीज देणार, असा मजकूर. खाली हात जोडलेली चित्रं. काकांनी तो नातीच्या नावाने पुढे ढकलला. "आपली मुलगी यातच आहे!" म्हणजे पंगतीतलं ते खोटं आता सतरा घरांत पोचलं.

त्या निरोपात लिहिलं होतं, "तापमानातील फरकापासून वीज". माझ्यातली मराठीची बाई तिथेच अडली. फरक आणि बदल हे दोन वेगळे शब्द आहेत. चुलीवरच्या तव्याचं टोक तापलेलं आणि दांडा गार, हा फरक. तवाच सकाळी गार होता आणि आता तापला, हा बदल. दोन जागांमधल्या फरकापासूनही वीज मिळते, ती गोष्ट १८२१ साली झेबेक नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवली. पण नात करते ते काम दुसरं. तिच्या स्फटिकाला बदल लागतो. तापमान वाढत असेल किंवा उतरत असेल तोवरच वीज. स्फटिक कितीही तापलेला असो, तो तसाच तापून राहिला की वीज बंद. याला पायरोइलेक्ट्रिसिटी म्हणतात. हा शब्द डेव्हिड ब्रूस्टरने १८२४ साली केला.

गोष्ट तशी त्याच्याही आधीची आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला डच व्यापाऱ्यांनी सिलोनहून तुरमलीचे खडे युरोपात नेले. हा खडा निखाऱ्यात टाकला की राख स्वतःकडे ओढतो आणि मग दूर फेकतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणून डचांनी त्याला राख ओढणारा असंच नाव दिलं होतं. १७५६ साली एपिनसने दाखवलं, की तापलेल्या तुरमलीच्या एका टोकाला धन आणि दुसऱ्या टोकाला ऋण वीज असते.

आता असं का होतं? हे नातीने मला लग्नघरातच समजावलं, आणि उदाहरणही तिथलंच दिलं. एका अरुंद गादीवर दोघांना झोपायची वेळ आली की आपण काय करतो? एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायाशी. जागा नीट भरते. रेणूही हेच करतात. रेणूचं एक टोक जरा धन, दुसरं जरा ऋण. स्फटिक तयार होताना बहुतेक रेणू उलटसुलट झोपतात. एकाचं धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकाशी. सगळ्यांचा हिशेब आतल्या आत मिटतो, बाहेर काहीच उरत नाही. अशा स्फटिकाला कितीही तापवा, त्यातून या जातीची वीज निघणार नाही.

पाहिजेत ते असे स्फटिक, ज्यांत सगळ्यांची डोकी एकाच बाजूला असतील, निदान हिशेबाअंती एक बाजू जड राहील. मग स्फटिकाच्या एका पृष्ठावर धन, समोरच्या पृष्ठावर ऋण भार येतो. एरवी हवेतले भटके भार तिथे येऊन चिकटतात आणि तो झाकून टाकतात. तापमान बदललं की रेणू किंचित हलतात, वळतात, पसरतात, आणि आतला हिशेब बदलतो. झाकणारे भार कमी किंवा जास्त पडतात. दोन बाजूंना तारा जोडल्या असतील तर तेवढा भार तारेतून वाहतो. नवा तोल साधला की थांबतो. बस, एवढंच.

स्फटिकांच्या रचनांचे सममितीप्रमाणे ३२ वर्ग पडतात. त्यांतल्या फक्त १० वर्गांना ही एकतर्फी दिशा असते. मी आठवीच्या मुलांना दरवर्षी तुरटीचा खडा वाढवायला लावत असे. सुंदर आठ बाजूंचा खडा होतो. नातीला मी कौतुकाने सांगायला गेले, तर ती म्हणाली, "तुरटी कामाची नाही. तिच्यात प्रत्येक दिशेला तशीच उलट दिशा आहे." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "पण खडीसाखर चालेल!"

हे मला माहीतच नव्हतं. खडीसाखरेचा प्रत्येक सुटा स्फटिक त्या दहा वर्गांपैकी एकात बसतो. तो रेणूंचाच स्फटिक, आणि तापमान बदललं की त्यातही अगदी अत्यल्प अशी वीज निर्माण होते. देवळात तळहातावर ठेवतात ती खडीसाखर! याचं कारण मोठं गमतीचं. डावा हात आणि उजवा हात सारखे दिसले तरी एकावर एक ठेवून जुळत नाहीत, तसे काही रेणूही डावे-उजवे असतात. ऊस साखरेचा रेणू एकाच हाताचा बनवतो. सगळे एकाच हाताचे असले की ती अगदी तंतोतंत उलटसुलट जोडी जमतच नाही. प्रयोगशाळेत स्फटिक घडवणारे हीच युक्ती वापरतात. पण एवढ्याने भागत नाही. एक दार बंद केलं तरी रेणू दुसऱ्या वाटेने, एकमेकांभोवती वळणं घेऊन पुन्हा हिशेब मिटवू शकतात. म्हणून नात म्हणते, की रेणू बनवणं हे तिच्या हातात आहे, ते कसे झोपतील हे नाही. ती महिनोन् महिने लहान लहान बाटल्यांत द्रावणं ठेवते, स्फटिक येण्याची वाट बघते, क्ष-किरणांनी तपासते, आणि बहुतेक वेळा उत्तर येतं, उलटसुलट.

आणि कधीतरी नाही येत! जपानच्या क्यूशू विद्यापीठात ओसामू सातो यांच्या गटाने २०१६ साली एका रेणूत क्रोमियम आणि कोबाल्ट असे दोन धातू बसवले. डाव्या-उजव्या हाताची युक्ती वापरून सगळे रेणू एका दिशेला तोंड करून रचले, अशा रीतीने की रेणूरेणूतला इलेक्ट्रॉन सरकतो तो सगळीकडे एकाच दिशेने. पुढे २०२१ साली त्यांनी लोह आणि कोबाल्टच्या स्फटिकांत, इलेक्ट्रॉनच्या अशा सरकण्यातून तापमानाबरोबर मिळणारी वीज दाखवली. रेणू वळवण्याची, वाकवण्याची गरज नाही, फक्त आतला इलेक्ट्रॉन जागा बदलतो. मला यातलं रसायन अर्धंमुर्धं कळलं. पण शाळेच्या मैदानावर आठशे मुलांना एका दिशेला तोंड करून उभं करायला काय लागतं हे मला नक्की माहीत आहे!

आता काकांच्या पंख्याकडे येते. हिशेबच मांडू.

ट्रायग्लायसिन सल्फेट नावाचा एक पदार्थ आहे. ग्लायसिन हे साधं अमिनो आम्ल, त्याचं हे लवण. त्याचा हा विजेचा गुण अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सापडला, १९५६ साली. या कामात तो अजूनही मोठा गुणी समजला जातो. तापमान एक अंशाने बदललं तर त्याच्या एक चौरस मीटर पृष्ठावर सुमारे २८० मायक्रोकूलंब भार सुटतो. आता अशी कल्पना करू, की त्याची एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मिलिमीटर जाड अखंड स्फटिकाची लादी आपल्याला मिळाली. (मिळत नाही. पण समजू.) ती भिंतीला लावली. उन्हाने १० अंश तापली. कुठेही गळती नाही, अडचण नाही, सगळं देवाच्या दयेने नीट चाललं, तर किती ऊर्जा? सुमारे १२ ज्यूल. म्हणजे ९ वॅटचा एलईडी दिवा सव्वा सेकंद. रात्री लादी थंड झाली की आणखी सव्वा सेकंद. दिवसभरात अडीच सेकंद उजेड!

तेवढ्याच आकाराचं सौर पॅनेल चांगल्या उन्हात २०० वॅटच्या आसपास वीज देतं, आणि ऊन असेतोवर देत राहतं. शिवाय ट्रायग्लायसिन सल्फेट पाण्यात विरघळतं. आमच्या कोकणातल्या घराच्या भिंतीला लावलं तर पहिल्या पावसात वाहून ओहोळाला जाईल.

बाहेरून विजेचा दाब देऊन आणि गार-गरम करण्याची चक्रं भराभर फिरवून याहून बरीच जास्त ऊर्जा काढता येते, हेही नातीने प्रामाणिकपणे सांगितलं. कारखान्यातल्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर तसे प्रयोग झालेले आहेत. पण भिंत काही सेकंदाला दहा वेळा तापत आणि निवत नाही. ती दिवसातून एकदा तापते, एकदा निवते. तेव्हा काका, पंखा फिरणार नाही. या खड्यावर नाही, याच्या नातवावरही नाही. हे एकदा स्वच्छ लिहून टाकलं, आता पुढे बोलू.

"मग उपयोग काय?" हा पुढचा प्रश्न मला इथूनच ऐकू येतो आहे.

त्या दिवशी लग्न लावून आपण सगळे रात्री आमच्या इमारतीत परतलो. जिना अंधारा होता. काका पहिल्या पायरीवर आले आणि दिवा आपोआप लागला. कोणी लावला? छतापाशी ती पांढरी, अर्ध्या चेंडूएवढी डबी आहे ना, तिच्या आत असाच एक पायरोइलेक्ट्रिक तुकडा असतो. बहुधा सिरॅमिकचा किंवा लिथियम टँटलेटचा. रेणूंचा नव्हे, पण तत्त्व तेच. काकांच्या अंगाची ऊब त्याच्यावर पडली, त्याचं तापमान केसभर बदललं, इवलासा भार सुटला आणि त्याने दिव्याला निरोप दिला. दिवा जळला तो महावितरणच्या विजेवर. खड्याने फक्त सांगितलं, की कोणीतरी आलं. आणि काका जिन्यात फोनवर बोलत निश्चल उभे राहिले तेव्हा दिवा विझला, आणि ते सोसायटीच्या नावाने ओरडले. आठवतं? बदल थांबला की वीज थांबते, हा सगळा धडा त्यांनी स्वतः करून दाखवला. फी न घेता.

म्हणजे हा खडा पंखा फिरवणारा बैल नाही. तो दारावरचा राखणदार आहे. राखणदाराला नांगराला जुंपायचं आणि मग म्हणायचं, हा निकामी आहे!

ट्रायग्लायसिन सल्फेटचंही तेच. त्याने एकही गिरणी चालवली नाही. पण रसायनांच्या प्रयोगशाळांत अवरक्त किरणांनी पदार्थ ओळखणारी जी यंत्रं असतात, त्यांतल्या कितीतरींचा डोळा आजही याच स्फटिकाच्या एका सुधारलेल्या रूपाचा असतो. औषधाच्या कारखान्यात आलेली पावडर खरोखर तीच आहे का, हे अशा यंत्रावर तपासतात. आपण सकाळी पाण्याबरोबर गोळी गिळतो तेव्हा या खड्याची आठवण कोणी काढत नाही.

मग रेणूंचे नवे स्फटिक कशाला? कारण या कामात जे सिरॅमिक फार वापरलं जातं त्यात शिसं असतं, आणि ते हजार अंशांच्या वरच्या भट्टीत भाजावं लागतं. रेणूंचे स्फटिक साध्या तापमानाला, द्रावणातून वाढवता येतात, आणि रेणू बदलून गुण बदलता येतो. हा खरा उपयोग आहे. लहान आहे, पण खरा आहे. नातीला पंगतीत हे सांगता आलं असतं. आपण तिला दीड मिनिट दिलं असतं तर.

आणि समजा एवढाही उपयोग नसता, तर? मला इथे थोडं इतिहासाच्या बाईसारखं बोलू द्या. फ्रान्समधल्या ला रोशेल गावी सतराव्या शतकात सेन्येत नावाच्या औषधवाल्याने एक मीठ तयार केलं. रोशेल सॉल्ट. पुढची कितीतरी वर्षं लोक ते कशासाठी घेत? पोट साफ व्हायला! ब्रूस्टरने त्यात तापबदलाची वीज पाहिली. १९२१ साली अमेरिकेत जोसेफ वालासेकने त्यात एक संपूर्ण नवा गुण दाखवला, ज्यातून फेरोइलेक्ट्रिक पदार्थांचं शास्त्रच उभं राहिलं. आणि मग तेच मीठ मायक्रोफोनमध्ये आणि रेकॉर्ड प्लेअरच्या सुईमागे जाऊन बसलं. माझ्या पिढीतल्या पुष्कळांनी अशाच एखाद्या स्फटिकातून गाणी ऐकली असतील. दुसरं उदाहरण क्रोकोनिक आम्लाचं. ते १८२५ सालापासून ठाऊक आहे. २०१० साली जपानमध्ये साचिओ होरिउची आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की त्याच्या स्फटिकात साध्या तापमानाला विजेची दिशा असते आणि ती उलटवताही येते. १८५ वर्षं तो पदार्थ माहीत होता, हे माहीत नव्हतं. १८२५ साली कोणी पंख्याचा प्रश्न विचारला असता तर काय उत्तर देणार होते?

आपल्याकडचंही सांगते. २०२१ साली आयसर कोलकाता इथल्या सी. मल्ला रेड्डी यांच्या गटाने सुईसारखे रेणूंचे स्फटिक दाखवले. मोडले तर तुकडे स्वतःहून एकमेकांकडे झेपावतात आणि सांधले जातात, डोळ्याचं पातं लवायच्या आत! कारण तेच. एकतर्फी रचना असल्याने मोडलेल्या दोन बाजूंवर विरुद्ध भार येतो आणि ते एकमेकांना ओढतात. मी हे जेवणाच्या टेबलावर मोठ्या उत्साहाने सांगितलं. पहिला प्रश्न काय आला? "म्हणजे मोबाइलची काच जुळेल का?" मी पोळी अर्धी टाकून उठले.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं मांडते, कारण ते अगदीच खोटं नाही. "पैसा लोकांचा आहे. हिशेब मागायचा नाही का?" जरूर मागा. २०२३ पासूनच्या दराने संशोधक विद्यार्थ्याला पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार आणि पुढे ४२ हजार मिळतात, ते तुमच्या-माझ्या करांतून. यंत्रांचे पैसे वेगळे. हिशेब मागणं हा आपला हक्कच आहे. पण हिशेब मागणं वेगळं आणि आश्वासन मागणं वेगळं. हिशेब झालेल्या गोष्टीचा असतो. काय केलंस, काय पाहिलंस, किती वेळा फसलं, कशावरून कळलं. आश्वासन न झालेल्या गोष्टीचं असतं, आणि ते जो जास्त मोठं देईल त्याला टाळ्या. आपण हिशेबाच्या नावाखाली आश्वासनं गोळा करतो. मग "उष्णतेपासून वीज" असे मथळे येतात. दहा वर्षांनी पंखा फिरत नाही, आणि तेच लोक म्हणतात, शास्त्रज्ञ फसवतात. अहो, फसवायला त्यांना भाग कोणी पाडलं?

संशोधक मंडळींचीही बाजू मी घेणार नाही. नातीलाही मी दुसऱ्या दिवशी बोलले. म्हटलं, तू कंटाळून खोटं बोललीस, ठीक आहे. पण उद्या अर्जात तेच लिहिशील, परवा वर्तमानपत्राला तेच सांगशील, आणि एक दिवस तुलाच खरं वाटायला लागेल. ती गप्प बसली. मग म्हणाली, "अर्जात लिहिलंय गं आधीच. शेवटच्या परिच्छेदात. सगळेच लिहितात." बावीस रात्री राग का गेला नाही, ते आता कळलं असेल.

पण या रागात मी स्वतःला सोडलं तर तो खरा राग नव्हे. १९८० च्या दशकातली गोष्ट. आठवीच्या वर्गात एका मुलाने विचारलं होतं, "बाई, तुरटीचा खडा टोकदार होतो आणि मिठाचा चौकोनी. असं का?" मला उत्तर माहीत नव्हतं. "माहीत नाही, शोधू या" असं म्हणायला काय हरकत होती? पण अभ्यासक्रम संपवायचा होता, चाचणी तोंडावर होती. मी म्हटलं, "हे परीक्षेला येत नाही. खाली बस." तो बसला. पुन्हा त्याने माझ्या तासाला काही विचारलेलं मला आठवत नाही. तो पुढे काय झाला ते मला ठाऊक नाही. पण "परीक्षेला येतं का?" आणि "पंखा फिरेल का?" हे एकच वाक्य आहे, आणि ते मी काकांच्या किती आधी म्हटलेलं आहे. नात जो प्रश्न तीन वर्षं उराशी धरून बसली आहे तो त्या मुलाचाच आहे. रेणू असे का रचले जातात? तुरटी अशी आणि साखर तशी का? मी त्याला खाली बसवलं.

असो. आता कामाचं. नात गणपतीला दीड दिवसासाठी येणार आहे. नातेवाइकांपैकी जे जे हे वाचतील त्यांना माझी विनंती नाही, सूचना आहे. शिक्षिकेची समजा. तिला विचारा, या महिन्यात किती बाटल्यांत स्फटिक आले? त्यांतले किती उलटसुलट निघाले? ते कसं ओळखलंस? नवा रेणू कोणता घेतलास आणि का? उत्तर कळलं नाही तर "कळलं नाही, पुन्हा सांग" म्हणा. त्याने कोणाची इज्जत जात नाही. मी सत्तरी ओलांडून म्हणते आहे. आरतीनंतर मी सगळ्यांच्या हातावर खडीसाखर ठेवणार आहे. ती तोंडात टाकायच्या आधी एकदा उजेडात धरून बघा.

आणि ज्यांना पंख्याबद्दलच विचारायचं आहे त्यांच्यासाठी, बटण दाराच्या डाव्या बाजूला आहे.